कच्चा खर्डा की पुरा साज? रिच मलिन्सचा शेवटचा अल्बम

अमेरिकी ख्रिस्ती गीतकार-गायक रिच मलिन्स १९ सप्टेंबर १९९७ला मोटार अपघातात गेला. १९९८च्या ‘द जीझस रेकॉर्ड’च्या दोन सीडींवर त्याची अखेरची गाणी दोन रूपांत आहेत. पहिलीवर मृत्यूच्या काही दिवस आधी ओसाड चर्चमध्ये, साध्या कॅसेट रेकॉर्डरवर त्याने स्वतः गायलेले खर्डे. दुसरीवर त्याचा रॅगामफिन बँड, गायिका एमी ग्रँट वगैरे मित्रांनी पुरी केलेली गाणी.

दुसरी नेटकी आहे, शब्द स्वच्छ कळतात. नव्या श्रोत्याने तिथूनच सुरुवात करावी. पण ‘हार्ड टू गेट’ पहिलीवरच ऐका! एकटेपण, लांबलेली रात्र, झोपी गेलेले सोबती तुला आठवतात का, असं तो येशूला विचारतो. टेपच्या खरखरीतला तो एकटा आवाज काळजाला भिडतो. मला पहिलीच प्रिय.