गर्भाशय नाही पण आई व्हायचंय, त्यांच्यासाठी एका कौन्सेलिंग सर्व्हिसचा रिव्ह्यू

5 पैकी 4 स्टार, आणि ते फर्टिलिटी क्लिनिकपेक्षा तिथल्या कौन्सेलर मॅडमना. मला एमआरकेएच आहे, म्हणजे जन्मापासून गर्भाशय नाही, साधारण 4500 ते 5000 मुलींमागे एकीला असतं, अंडाशय मात्र नीट काम करतात. आधी ज्या क्लिनिकला जायचो तिथे हे सांगूनसुद्धा दर वेळी फॉर्ममध्ये "शेवटची पाळी कधी" हा रकाना भरायला लावायचे. इथे मॅडमनी स्वतःच त्या रकान्यावर रेघ मारली आणि म्हणाल्या, "तुझे अंडाशय चांगले आहेत ना, मग तिथूनच बोलायला सुरुवात करू."

सरोगसी त्यांनी नीट उलगडून सांगितली, स्त्रीबीज माझं, शुक्राणू नवऱ्याचे, गर्भ लॅबमध्ये तयार होणार आणि वाढणार दुसरीच्या पोटात. आमच्यासारख्यांचे अंडाशय कधीकधी जरा वर असतात म्हणून स्त्रीबीज पोटातून सुई घालून काढावं लागू शकतं, हे मला पहिल्यांदाच कळलं. कायदा प्रत्येक देशात वेगळा, काही ठिकाणी तर पूर्ण बंदी, त्यामुळे आधी वकिलाला भेटा म्हणाल्या. आणि मूल पोटात वाढवणाऱ्या बाईबद्दल त्या खूप वेळ बोलल्या, बाळंतपणाचा धोका ती घेणार, तिचा वकील वेगळा हवा, तिच्या शरीराचे निर्णय तिचेच. आधीच्या ठिकाणी ती बाई म्हणजे नुसता पॅकेजमधला एक भाग होती, तेव्हाच मला ते खटकलं होतं.

माझा जीव खरं तर गर्भाशय प्रत्यारोपणात अडकला होता. 2014 मध्ये स्वीडनमध्ये अशा प्रत्यारोपणानंतरचं पहिलं बाळ जन्मलं, त्या आईलाही एमआरकेएचच होता आणि गर्भाशय देणारी मैत्रीण 61 वर्षांची. पण मॅडमनी माझा जुना सोनोग्राफी रिपोर्ट काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं, किडनी एकच. एमआरकेएचमध्ये असं बऱ्याच जणींचं असतं. नवीन गर्भाशय शरीराने नाकारू नये म्हणून जी औषधं घ्यावी लागतात त्यातली काही किडनीवर ताण आणतात, म्हणून आधी किडनीच्या डॉक्टरांचं मत घ्या म्हणाल्या. मला रडू आलं, त्या घाई न करता बसून राहिल्या. हाच रिपोर्ट आधीच्या क्लिनिकच्या फाईलमध्येही होता, कोणी बोललं नव्हतं.

दत्तकाचा विषय निघाला तेव्हा "काहीच नाही जमलं तर" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, त्याबद्दल मनापासून थँक्यू. घराची पाहणी, वयाचे नियम, वेटिंग, सगळं सरळ सांगितलं आणि हा रस्ता पहिला निवडणारेही खूप असतात म्हणाल्या. गरोदर न राहताही हार्मोन्स आणि पंपाच्या मदतीने थोडंफार दूध येऊ शकतं, मग मूल सरोगसीने येवो की दत्तक, हे ऐकून तर मी दोनदा विचारून खात्री केली.

एक स्टार कापला कारण नवऱ्याला कोणी काही विचारलंच नाही, तो बिचारा पूर्ण वेळ माझी फाईल धरून बसला होता, आणि सांगितलेलं काहीच लिहून मिळालं नाही, एवढं सगळं डोक्यात कसं राहणार. वही न्या, जुने एमआरआय आणि किडनीचे रिपोर्ट न्या, आणि पहिल्या वेळी आईला किंवा सासूबाईंना न नेता दोघंच जा, मोकळेपणाने विचारता येतं.