स्वतःचा डायव्हिंग मास्क: आठ महिने आणि बारा डाइव्हनंतर

मास्कचा रिव्ह्यू लिहायला बसलेय खरी, पण अर्धं लिखाण पाण्याखालच्या भीतीवरच होणार, कारण मी मास्क घेतलाच मुळी त्या भीतीपायी.

गेल्या वर्षी मे महिन्यात तारकर्लीला पहिल्यांदा स्कुबा केलं, आपल्याकडे सगळे करतात तसंच, सूट चढवला, चार खुणा शिकवल्या आणि गाईडने मागून टाकी धरून खाली नेलं. तीन-चार मीटर गेलो असू, भाड्याच्या मास्कमध्ये पाणी झिरपायला लागलं, नाकाला लागलं आणि माझा श्वासच अडकला, मी दोन्ही हातांनी मास्क ओढून काढायला लागले. गाईडने लगेच वर आणलं. बोटीवर कोणीतरी म्हणालं, "ताई, सगळ्यांना नाही जमत हे." ते फार लागलं मला. सातव्या वर्षापासून पोहते, पाण्याची भीती कधीच नव्हती. मग झालं काय? नंतर नीट शिकले तेव्हा कळलं, तोंडात रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र) होता, हवा येतच होती, पण नाकात पाणी गेलं की शरीर आपोआप श्वास धरतं आणि डोकं ओरडतं की वर पळ. आणि डायव्हिंगमध्ये नेमकं तेच करायचं नसतं, कारण 10 मीटरवर दाब जमिनीपेक्षा दुप्पट असतो, तिथे भरून घेतलेला श्वास धरून वर आलं तर ती हवा वर येईतो दुप्पट फुगू बघते, फुफ्फुसं फाटू शकतात.

सप्टेंबरमध्ये मास्क घेतला, काळ्या सिलिकॉनचा, आत कमी जागा असलेला, साधारण साडेतीन हजाराचा. कमी जागा म्हणजे पाणी शिरलं तरी नाकातून एक-दोनदा फुंकलं की रिकामा होतो. दुकानात पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवायचा, नाकाने हलकेच हवा ओढायची, हात सोडायचा, पडला नाही तर तो आपला. मी सहा मास्क लावून बघितले, चारातून कुठून ना कुठून हवा शिरत होती.

पहिला महिना समुद्र नाहीच. रोज रात्री बाथरूममध्ये बादली भरायची, तोंडात स्नॉर्कल (श्वास घ्यायची नळी), मास्क न लावता चेहरा पाण्यात, श्वास तोंडाने घ्यायचा आणि नाकाने सोडायचा. पहिल्या दिवशी चार श्वासांत डोकं वर काढलं. बाराव्या-तेराव्या दिवशी दहा मिनिटं बसले, नाकाशी बुडबुडे गुदगुल्या करत होते आणि छातीतली धडधड ऐकता ऐकता हळू झाली. तो दिवस मला कधी विसरता येणार नाही.

डिसेंबरमध्ये अंदमानात हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) ओपन वॉटर हा डायव्हिंगचा सुरुवातीचा कोर्स केला, तो 18 मीटरपर्यंतचा असतो. तिथे गुडघ्यावर बसवून मास्क अर्धा भरा, पूर्ण भरा, काढा, परत लावा, सगळं करून घेतलं. सरांनी एकच गोष्ट पक्की बसवली, श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. घाबरून भराभर उथळ श्वास घेतले की आतला कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, टाकी भरलेली असली तरी हवा पुरत नाहीये असं वाटतं, आणि मग माणूस अजून भराभर घेतो.

खरी परीक्षा फेब्रुवारीत कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर झाली, मुरुडेश्वरहून बोटीने जातात तिथे. 14 मीटरवर होतो, पुढच्या माणसाच्या पायातला फिन (पोहायचा पंखा) थाडकन माझ्या मास्कवर बसला आणि एका क्षणात मास्क पूर्ण भरला, सगळं धूसर. आधी थांबले. खडकाला एक बोट टेकवलं, एक लांब श्वास सोडला, मग दुसरा. मग मास्कची वरची कड दाबली, हनुवटी जरा उचलली, नाकाने फुंकलं, पाणी खालून निघून गेलं आणि समोर पिवळ्या माशांचा थवा तसाच होता. बडीला (जोडीच्या डायव्हरला) ओकेची खूण केली तेव्हा डोळ्यात पाणी आलं, ते मात्र समुद्राचं नव्हतं.

हवेचा फरक आकड्यात सांगते. कोर्समध्ये 200 बार दाबाने भरलेली टाकी 28 मिनिटांत 50 वर यायची, एप्रिलमध्ये नेत्राणीलाच तेवढ्याच खोलीवर 43 मिनिटं गेली. यात मास्कचं श्रेय किती आणि सरावाचं किती? माझ्या मते सराव बारा आणे. पण प्रत्येक वेळी तोच मास्क, तीच पकड, त्यामुळे हात न बघता काम करतो, भाड्याच्या मास्कमध्ये ते होत नाही.

आता तक्रारी. नवीन असताना भयंकर धुकं धरायचा, काचेला आतून कारखान्यातला थर असतो, साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने चार-पाचदा चोळून धुतली तेव्हा कुठे गेला. अजूनही प्रत्येक डाइव्हआधी थुंकी लावून खळबळावा लागतो. पट्ट्याचं बकल कडक आहे, ओल्या हाताने सैल होत नाही. पट्टा करकचून आवळू नका, त्याने कड वाकडी होते आणि उलट जास्त गळतो. केसांची एक बट आत राहिली तरी गळतो, आमच्या ह्यांना मिशीमुळे हा मास्क अजिबात बसला नाही.

दमा, कानाचं किंवा सायनसचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि खाली जायच्या आधी मन मानत नसेल तर "आज नाही" म्हणा, कारण द्यावं लागत नाही. मार्चमध्ये मी तसं एकदा बोटीवरूनच म्हटलं, माझे पैसे गेले, वाईट वाटलं नाही.

आता पावसाळ्यात आपल्याकडचं डायव्हिंग बंद, मास्क गोड्या पाण्याने धुऊन डब्यात ठेवलाय, रविवारी पूलवर काढते. बादली अजून चालू आहे.