शहरालगतचं नियोजन की गावाचं?

नगररचना शिकून बाहेर पडणारी मुलं विचारतात, की शहरालगतच्या वाढत्या गावांचं काम धरावं की ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याचं? पुण्याच्या आसपास मी दोन्ही केलंय. त्या अनुभवावरूनच सांगतो. तुमचा वेगळा असू शकेल.

उपनगरातलं काम मोठं आहे, यात वाद नाही. वाघोली-मांजरीच्या बाजूला आज नकाशावर रस्ता राखला नाही, तर उद्या अग्निशमनाची गाडी आत शिरणार नाही. नगररचना योजनेत जमिनी एकत्र करून, रस्ते-उद्यानं काढून मालकांना भूखंड परत देता येतात. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात ही ताकद नाही. पगारही तिकडेच बरा.

माझं अडलं ते गप्प राहण्यापाशी. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात शहराचा विकास आराखडा कलम २६ खाली प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचना मागवल्या जातात त्यानंतर. तोवर नकाशावरची रस्त्याची रेषा बाहेर फुटू द्यायची नाही. ते योग्यच आहे. रस्त्या-उद्यानासाठी जमीन आरक्षित होणार, अशी नुसती कुणकुण लागली तरी गुंठ्याचा भाव हलतो. पण सर्वेक्षणाला गेलं की बांधावरचे आजोबा विचारतात, "साहेब, आमच्या गटातून रस्ता जातोय का?" आणि आपण म्हणायचं, "प्रसिद्ध झाल्यावर कळेल." रस्ता ओढ्याच्या कोणत्या अंगानं न्यावा, हे खरं तर त्यांनाच विचारायला हवं, पण ते विचारणं म्हणजेच रेषा फोडणं. पुढे तेच आजोबा सुनावणीला वकील घेऊन येतात. तोवर आपण समोरासमोरचे पक्ष झालेले असतो. भाड्याच्या खोलीतला कामगार तर तिथवर पोचतच नाही. मला हे सोसेना.

ग्रामपंचायतीचा आराखडा ज्या उपक्रमात होतो, त्या 'आमचं गाव, आमचा विकास'मध्ये क्रम उलटा आहे. आधी शिवारफेरी, महिला सभा, ग्रामसभा, आराखडा त्यानंतर. वेल्ह्याकडच्या एका गावात सभामंडपाची मागणी यादीत सगळ्यात वर होती. वरच्या वाडीला टाकीचं पाणी चढतच नाही, हे महिला सभेत बायकांनी जमिनीवर काढलेल्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं आणि यादी बदलली.

अडचणी इथंही आहेत. पैसा थोडा, तोही बांधलेला; पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच होता. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, भाऊसाहेबांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक, आताचे ग्रामपंचायत अधिकारी) दोन-दोन गावं असतात, आणि लक्ष ठेवलं नाही तर आराखडा म्हणजे पेव्हर ब्लॉकची यादी होऊन बसते. तरी मला विचाराल तर गावच. नकाशाचीच ओढ असेल, तर मात्र खुशाल उपनगर धरा.

मन ठरत नसेल, तर २ ऑक्टोबरनंतर आराखड्याची कामं सुरू होतात तेव्हा एखाद्या महिला सभेला बसून या. आणि उपनगर निवडलंत, तरी सर्वेक्षणातच ओढे, पाणंदी आणि पुराची रेषा गावकऱ्यांकडून नोंदवून घ्या. तेवढ्याला कायदा अडवत नाही.