फेब्रुवारीत घेतलेले उन्हाळी कपडे, दिवाळीनंतर लिहिलेलं मत

काय घेतलं ते आधी सांगते. नागपुरातल्या एका स्वतंत्र डिझायनरकडून फेब्रुवारीच्या शेवटी तीन कपडे घेतले: लांब बाह्यांचा एक कुर्ता (२,४०० रुपये), एक सैल पँट (१,६५० रुपये) आणि पोटरीपर्यंत येणारा एक ड्रेस (३,२०० रुपये). मे महिन्यात त्याच कापडातला एक आखूड कुर्ता आणखी घेतला. सगळा उन्हाळा ऑफिसला आलटून पालटून हेच घातले. मग पावसाळा गेला, ऑक्टोबरची हीट गेली, आणि आता लिहायला बसले.

तिचं नाव लिहीत नाही. घराच्या वरच्या मजल्यावर दोन मशिनी, एक मास्तर, काज-बटणं करणारी एक बाई आणि ती स्वतः, एवढाच तिचा कारखाना. पुढे मी कुरकुरही करणार आहे, आणि एवढ्याशा पसाऱ्याला माझ्या कुरकुरीचा फटका बसायला नको.

नागपूरचा उन्हाळा काय असतो हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. २०२४ च्या मेअखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. पण तो खुलासा येईपर्यंत गावात कोणालाच त्या आकड्यात वावगं वाटलं नव्हतं. अशा ठिकाणी 'समर कलेक्शन' म्हणून दुकानात काय लागतं? बिनबाह्यांचे टॉप, पातळ पट्ट्यांचे ड्रेस. हे कपडे एसी गाडीतून एसी मॉलमध्ये जाणाऱ्यांसाठी ठीक. दुपारी दोन वाजता स्कूटीवरून सीताबर्डीहून घरी येणारी बाई डोक्याला-तोंडाला स्कार्फ गुंडाळते, हातमोजे चढवते आणि वर सनकोट घालते. म्हणजे टॉप बिनबाह्यांचा, आणि त्यावर पॉलिएस्टरचा कोट! आत नुसती वाफ होते.

या डिझायनर मुलीच्या कपड्यांचा पाया वेगळा आहे. अंग झाकायचं, पण आत हवा खेळती ठेवायची. विदर्भातली हवा कोरडी असल्यामुळे घाम झटकन उडतो, आणि उडताना अंग गार करतो. त्यासाठी कपडा अंगापासून जरा सुटा हवा आणि कापडाने घाम शोषून बाहेर सोडायला हवा. प्रमाणित हवेत कापूस आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. आपल्या आज्या मेच्या उन्हात भरल्या बाह्यांच्या सुती चोळीत आणि नऊवारीत कशा वावरत असतील, ते हा कुर्ता घालून बाहेर पडल्यावर थोडंफार कळतं.

कापड वर्धेकडचं, हाताने कातलेलं आणि हातमागावर विणलेलं. टॅगवर 'हातकताई, हातविणाई' असंच आहे, 'खादी' लिहिलेलं नाही. त्याचं कारण तिने सांगितलं: २०१३ च्या नियमांनंतर खादी म्हणून माल विकायचा तर खादी आयोगाचं चिन्ह लागतं, ते तिच्याकडे नाही. दोनशे रुपयांच्या कुर्त्यावरही बेधडक 'प्युअर खादी' छापणारी दुकानं बघून झाल्यावर हा प्रामाणिकपणा मला आवडला. तरी मी खात्री केलीच. पँटच्या नेफ्यातून निघालेला एक दोरा जळत्या उदबत्तीला लावला. जुन्या कागदासारखा जळला, राख झाली, बोटाने चुरली. पॉलिएस्टर असतं तर वितळून टोकाला कडक मणी झाला असता.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. यवतमाळ-वर्ध्याला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस. नागपुरात जमशेदजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली ती १८७७ मध्ये. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींनी १९३८ साली केलं, आणि हातकताईचं काम त्या भागात निदान तेव्हापासून तरी माहितीचं. तरीही इतवारीच्या बाजारात कापड घ्यायला गेलं की ऐकू येतं सूरत, अहमदाबाद, जयपूर. इथला कापूस इथेच कातून, विणून, शिवून इथल्याच बाईच्या अंगावर चढावा यासाठी एवढी धडपड करावी लागते, आणि तेही २,४०० रुपयांत.

आता शिवण. माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथेच. कापड कोणालाही विकत घेता येतं.

पहिल्यांदा कुर्ता घालून बघितला तेव्हा मुंढा (बाही जोडतात ती जागा) वर, बगलेच्या अगदी जवळ होता. तयार कुर्त्यांचा मुंढा खाली असतो, म्हणजे तो सगळ्या मापांना 'होतो'. मी म्हटलं, जरा खोल करून द्या, उन्हाळ्यात मोकळं बरं. मास्तर मशिनीवरून मान वर न करताच म्हणाले, "ताई, मुंढा खोल कापला का हात वर केल्याबरोबर अख्खा कुर्ता वर येते. हा घालून गाडी चालवून पाहा, मग सांगा." मग त्यांनी बगलेत शिवलेला चौकोनी तुकडा उलटून दाखवला. मुंढा वर आणि त्याखाली हा तुकडा, त्यामुळे हात हँडलपर्यंत लांबवला तरी कुर्ता जागचा हलत नाही, बाही मनगटावरून कोपराकडे सरकत नाही, आणि बगलेत कापड चिकटतही नाही. जुन्या अंगरख्यांमध्ये आणि झब्ब्यांमध्ये हा तुकडा असायचाच. झटपट शिवायच्या नादात तो तयार कपड्यांतून गेला. हे एकदा कळल्यावर कपाटातल्या बाकीच्या कुर्त्यांची चिडच येते.

आतली बाजूही बघण्यासारखी आहे. कुठेच ओव्हरलॉक (कड उसवू नये म्हणून तिच्यावर मशिनने गुंफलेले दोरे) नाही. कापडाची कड शिवणीच्या आत दुमडून दुसऱ्यांदा शिवलेली, ज्याला फ्रेंच सीम म्हणतात, तसली. ओव्हरलॉकचा दोरा सहसा पॉलिएस्टरचा असतो, आणि घामोळं आलेल्या अंगाला तो किती टोचतो हे ज्याचं त्यालाच ठाऊक. मेमध्ये पाठीवर घामोळं होतंच, पण कडेच्या शिवणीवर लाल रेघ उठणं या कपड्यांत बंद झालं. गळ्याची पट्टीही त्याच कापडाची, आत बकरम (ताठपणासाठी घालतात ते कडक कापड) नाही. त्यामुळे गळा कडक उभा राहत नाही. ऑफिसात कोणाला तो ढिला वाटेल. मला चालतो.

खिसे! कुर्त्याला दोन्ही बाजूंना, पँटलाही दोन्ही बाजूंना. खिशाच्या तोंडाशी आतून एक अरुंद सुती पट्टी शिवली आहे. मोबाइल टाकला की कडेची शिवण लोंबायला लागते, ते या पट्टीमुळे होत नाही. इतके महिने रोज मोबाइल आणि गाडीची किल्ली टाकून एक खिसा जरासा सैल झालाय, फाटलेला एकही नाही.

धुण्याचं सांगते. कापड आधी भिजवून मग कापतात, असं ती म्हणाली होती. तरी पहिल्या धुण्यात कुर्ता लांबीला पाऊण इंच आटला, मग थांबला. मी मशिनमध्येच धुतले, थंड पाण्यात, उलटे करून. सुरुवातीला कापड थोडं खरबरीत होतं. जूनपर्यंत ते इतकं मऊ झालं की आता रात्री झोपतानाही तोच आखूड कुर्ता घालते, आणि त्यावरून घरात बोलणी खाते. कोपरावर किंवा मांडीवर कुठे विरलं नाही. सूत जाड-बारीक असल्यामुळे मध्ये मध्ये एखादी गाठ दिसते. तो दोष नव्हे.

रंगाच्या बाबतीत मात्र आधी विचारून घ्या. निळा कुर्ता नीळ, म्हणजे इंडिगो, वापरून रंगवलेला आहे. पहिले काही दिवस त्याचा रंग आतल्या पांढऱ्या बनियनला आणि खांद्यावरच्या पर्सच्या पट्ट्याला लागला. नीळ घासली की सुटते, ते तिने सांगितलंच होतं. तीन-चार धुण्यांनंतर थांबलं. ड्रेसचं प्रकरण मजेशीर झालं. त्याचा करडा रंग हिरडा आणि लोखंडाचा. त्यावर लिंबू सरबत सांडलं. लगेच धुतलं, तरी तिथे फिकट, जवळपास पांढुरका डाग कायमचा राहिला, कारण आंबट काही लागलं की लोखंडाचा काळेपणा निघतो. उन्हाळ्याचा ड्रेस आणि त्याला लिंबू चालत नाही, आता काय बोलायचं! ती म्हणाली, घेऊन या, पुन्हा रंगात बुडवून देते. दिलाही, त्याचे पैसे घेतले नाहीत, पण आता रंग पहिल्यापेक्षा एक छटा गडद आहे. त्याच ड्रेसवर कैरीचं पन्हं अजून सांडलेलं नाही, आणि सांडू देणारही नाही.

आता तक्रारी. पहिली, वेळेची. 'पंधरा दिवसांत' म्हणून सांगितलेली पँट महिन्यानंतर हातात आली, तीही मी दोनदा फोन केल्यावर. लग्नसराईत मास्तर गावी गेले की सगळं काम थांबतं. दुसरी, फिकट रंगांच्या पारदर्शकपणाची. मोतिया रंगाचा आखूड कुर्ता उन्हात उभं राहिलं की आरपार दिसतो. आत स्लिप घालावी लागते, आणि स्लिप घातली की गारव्यातला अर्धा फायदा गेला. तिसरी, इस्त्री. हे कापड चुरगळतं म्हणजे चुरगळतंच. ऑफिसला पोचेपर्यंत मांडीवर घड्या पडलेल्या असतात. ज्यांना कडक इस्त्रीशिवाय चालत नाही त्यांनी या वाटेला जाऊच नये. आणि बटणं: नारळाच्या करवंटीची आहेत, दिसतात छान, पण एक मशिनमध्ये तुटलं. जास्तीचं बटण आत शिवून दिलेलं नव्हतं. असं बटण एरवी साध्या ब्रँडच्या शर्टालाही असतं, ते तिला सुचायला हवं होतं.

हे सगळं कोरड्या उन्हाळ्याचं झालं. जूनच्या शेवटी लांब बाह्यांचा कुर्ता घेऊन मुंबईला बहिणीकडे गेले आणि तिथे त्याने मान टाकली. दमट हवेत घाम उडतच नाही. हातकताईचं जाडसर कापड तो शोषून घेतं आणि ओलं जड होऊन अंगाला बसतं. दादरहून ठाण्याला लोकलने जाईपर्यंत पाठ भिजलेली. बहिणीचा बारीक सुताचा मलमलचा कुर्ता तिथे कितीतरी बरा होता, पातळ असल्यामुळे पंख्याखाली दहा मिनिटांत वाळायचा. त्यामुळे कोकण, मुंबई, गोव्याकडच्या मैत्रिणींनी माझं हे कौतुक वाचून थेट हेच कापड मागवू नये. शिवण हीच ठेवून कापड मलमलचं घ्या. ती तसंही शिवून देते. पावसाळ्यात नागपुरातही हे कपडे दोन-दोन दिवस वाळत नव्हते आणि त्यांना वास यायचा. जुलै-ऑगस्टमध्ये मी ते सरळ बाजूला ठेवले.

किमतीचं काय? २,४०० रुपयांत ऑनलाइन तीन कुर्ते येतात, सेल असेल तर चारही. मीही घेतले आहेत. गेल्या वर्षी एका मोठ्या साइटवरून 'कॉटन' म्हणून आलेला कुर्ता उदबत्तीच्या परीक्षेत नापास झाला, मणी झाला. कॉटन निघालेले दोन पहिल्याच धुण्यात तिरके झाले, कडेची शिवण फिरून पोटावर आली. कापड धाग्याच्या सरळ रेषेत न कापता वाचवून कापलं की असं होतं. मी हिशोब कपड्यांच्या संख्येवर करत नाही, सकाळी कपाट उघडल्यावर हात कशाकडे जातो त्यावर करते. एप्रिल-मेमध्ये तो या चारांकडेच जायचा. पण ज्यांना रोज वेगळा कपडा हवा आणि त्याच त्या कुर्त्यात दिसणं नको वाटतं, त्यांना हा सौदा महागच पडेल, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

दुरुस्तीचा फायदा मात्र हिशोबात धरायला हवा. वजन थोडं वाढलं तेव्हा पँटची कंबर तिने सैल करून दिली. आतल्या शिवणीत दोन्ही बाजूंना इंचभर कापड मुद्दाम राखलेलं होतं. नाडीबरोबर मागच्या बाजूला इलॅस्टिकही घालून दिलं. तयार कपड्यात आत कापडच शिल्लक नसतं, तर सैल करायचं कशातून?

घ्यायचं ठरवलं तर थोडी तयारी करून जा. स्वतःचा एक नीट बसणारा जुना कुर्ता बरोबर न्या, मास्तर त्यावरून माप जास्त चांगलं घेतात. बाहीची लांबी हात पुढे करून मोजून घ्या, गाडी चालवताना हात तसाच असतो. फिकट रंग घेणार असाल तर कापड खिडकीत धरून आरपार बघा. जास्तीची दोन बटणं मागून घ्या. आणि ऑर्डर जानेवारीतच द्या. मार्चनंतर गेलात तर कपडा नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, संपल्यावर हातात पडेल. मी यंदा मोतियाऐवजी मंजिष्ठाच्या मुळांपासून काढलेल्या विटकरी रंगातला लांब कुर्ता सांगून ठेवलाय, ॲडव्हान्स ५०० रुपये, आणि ड्रेस या वेळी नाही.