कळण्याचं ‘हाय प्रोटीन’ पीठ: भाकरी फक्कड, वेळेचा दावा पोकळ

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी खायला कारण लागत नाही. भरीत झालं की कळणा आलाच. आता हेच पीठ अर्ध्या किलोच्या पाकिटात, पुढे ‘हाय प्रोटीन, महिलांच्या वेट लॉससाठी’ आणि मागे ‘सकाळी ९ च्या आत खा, रात्री टाळा’ असं छापून विकलं जातंय. ब्रँड वेगवेगळे, मजकूर साधारण एकच.

आधी पीठ. घरचं प्रमाण म्हणजे किलोभर ज्वारीला पाव किलो अख्खे काळे उडीद, चवीला मीठ, कुणी चमचाभर मेथीही घालतं. ताटलीत पीठ पसरलं की उडदाच्या सालीचे काळपट कण दिसायला हवेत. पीठ पांढरंफेक असेल तर सालासकट उडीद वापरलेले नाहीत, किंवा उडीद नावालाच आहेत. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. उडदाच्या आधी गहू किंवा तांदूळ दिसला तर पाकीट परत ठेवा. चिमूटभर पीठ पाण्यात कालवून बोटांत चोळलं की उडदाचा चिकटपणा लगेच कळतो. त्या चिकटपणामुळेच कळण्याची भाकरी नुसत्या ज्वारीपेक्षा कमी चिरते आणि थापायला सोपी जाते. म्हणून उडीद वाढवत नेऊ मात्र नका. दोन भाग ज्वारीला एक भाग उडीद केले की पीठ परातीला चिकटतं, भाकरी जड होते आणि पोटात वायू धरतो.

तयार पाकिटाची खरी खोट शिळेपणात आहे. ज्वारीतला स्निग्धांश दळल्यावर लवकर खवट होतो, आणि भुसावळच्या मे महिन्यात दुकानाच्या फळीवर पडलेल्या पाकिटाचं काय होत असेल ते सांगायला नको. दळल्याची तारीख महिन्याच्या आतली बघा. घरी आणलं की घट्ट डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. कडवट लागलं तर टाका, ठेच्याने ते झाकायचा खटाटोप करू नका. नुसतंच जुनं असेल, कडू नसेल, तर कडकडीत पाण्यात उकड काढून मळा, भाकरी निघते. दादर (खान्देशातली रब्बी ज्वारी) आणि उडीद देऊन गिरणीतून दोन आठवड्यांपुरतं दळून आणणं याहून कधीही सरस.

आता ‘हाय प्रोटीन’. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रोटीन, अख्ख्या उडदात सुमारे २२. चारास एक या हिशेबाने पिठात १२ च्या थोडं वर. पण पाकिटावरचा आकडा १०० ग्रॅम कोरड्या पिठाचा असतो आणि एका भाकरीला ८० ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं. म्हणजे भाकरीमागे १० ग्रॅम. नुसत्या ज्वारीच्या भाकरीत ८. एवढा गाजावाजा दोन ग्रॅमांसाठी! उडदाचा खरा फायदा वेगळा आहे. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, उडदात ते भरपूर. दोन्ही एकत्र आल्यावर प्रोटीनचा दर्जा सुधारतो. पाकिटावर हे कुणी छापत नाही.

आणि वेळ? वजन उतरताना चरबीसोबत स्नायूही झिजतात. प्रोटीन आणि वजन उचलण्याचा व्यायाम, दोन्ही मिळून ती झीज रोखतात. पण त्यासाठी दिवसभराची एकूण मात्रा महत्त्वाची. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत वजनाच्या दर किलोला रोज ०.८३ ग्रॅम सांगितलंय. वजन कमी करताना १.२ ते १.६ ग्रॅम ठेवतात. ६० किलोच्या बाईला किमान ७० ग्रॅम म्हणा. व्यायामानंतर अर्ध्या तासात प्रोटीन घेतलंच पाहिजे, ही जिमवाल्यांची घाई अनेक अभ्यासांच्या २०१३ मधल्या एका एकत्रित विश्लेषणात टिकली नाही. एकूण प्रोटीन सारखं धरल्यावर वेळेचा फरक उरला नाही. रात्री खाल्लेलं प्रोटीन चरबी होतं हेही खोटं. रात्री वरण-बट्टीने वजन वाढतं ते बट्टीवर ओतलेल्या तुपाने, घड्याळाने नव्हे.

तरीही सकाळचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. नाश्ता टाळणाऱ्या, जास्त वजनाच्या मुलींवर २०१३ सालीच झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३५ ग्रॅम प्रोटीनच्या नाश्त्याने संध्याकाळचं अबरचबर खाणं कमी झालं. आपल्याकडे घरातल्या बाईची सकाळ चहा-टोस्टवर जाते, जेवण सगळ्यांचं उरकल्यावर दोन वाजता, त्यात पातळ वरण, आणि रात्री खिचडी. असा दिवस ३५-४० ग्रॅमच्या पुढे क्वचितच जातो. संध्याकाळी शेव-चिवड्याच्या डब्याकडे हात जातो त्याचं मूळ इथे आहे. म्हणजे ९ च्या आत की १० वाजता हा प्रश्नच नाही. पहिल्या खाण्यात २० ते २५ ग्रॅम प्रोटीन असावं, एवढंच.

ते नुसत्या भाकरीने होत नाही. ६० ग्रॅम पिठाची लहान भाकरी (साडेसात ग्रॅम), दोन अंड्यांची भुर्जी (१२) आणि वाटीभर म्हणजे १०० ग्रॅम दही (३ ते ४): तेल चमचाभरच असेल तर हे साधारण साडेचारशे कॅलरीत बसतं. अंडी चालत नसतील तर २५ ग्रॅम कोरडे सोया चंक्स भिजवून, पिळून भाजीत घाला. १३ ग्रॅम मिळतात. शेंगदाण्याच्या चटणीवर मात्र भिस्त ठेवू नका. २० ग्रॅम दाण्यांत प्रोटीन ५ ग्रॅम, कॅलरी ११० च्या पुढे. भरताचंही तसंच: वांगं निर्दोष, वरचं तेल नाही. आणि उपासाच्या दिवशी साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच, तेव्हा सोबत दही किंवा पनीर घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पाकीट घ्यावं का? पुण्या-मुंबईत राहणाऱ्या, गिरणी हाताशी नसलेल्या खान्देशी घरांनी जरूर घ्यावं, ताजं मिळालं तर. वजनासाठी म्हणून जादा पैसे मोजू नयेत. त्याच पैशात अंडी येतात. आणि वेळ पाळायचीच असेल तर चहाची पाळा. भाकरीसोबत किंवा लगेच नंतर चहा घेतला की ज्वारी-उडदातलं लोह अंगी कमी लागतं. तासाभराचं अंतर ठेवा, भाजीवर लिंबू पिळा.