ट्रेकिंगची संस्था की वीकेंडचा ग्रुप?

पंचविशीच्या अलीकडे-पलीकडे वय, पुण्यात नोकरी, शनिवार-रविवार मोकळे, आणि कॉलेजातले ट्रेकचे सोबती कुणी बेंगळुरूला गेलेले, कुणी बोहल्यावर चढलेले. मग डोंगरात जायचं कुणाबरोबर? पहिला पाऊस पडला की ऑफिसातलं कुणी ना कुणी नवीन मला हे विचारतंच. ढोबळमानाने दोन रस्ते आहेत. एक म्हणजे पैसे भरून सीट नोंदवायची असे वीकेंडचे ग्रुप. दुसरा म्हणजे वर्षाची वर्गणी भरून एखाद्या जुन्या गिरिभ्रमण संस्थेचं सभासद व्हायचं. मी आधी पहिल्या रस्त्याने बरंच भटकलो, आता दुसऱ्यावर आहे. त्यामुळे माझा कल लपणार नाही. तरी पहिल्या बाजूला अगदीच काही दम नाही असं मी म्हणणार नाही.

वीकेंड ग्रुपची सोय खरोखर चोख असते. गुरुवारी रात्री मनात आलं, फोनवरून पैसे पाठवले, की शनिवारी रात्री बसमध्ये. कात्रजहून निघालेली बस डेक्कन, शिवाजीनगर, नाशिक फाटा करत माणसं गोळा करते. पहाटे पायथ्याच्या गावात चहा-पोहे तयार, उतरून आलं की पिठलं-भाकरी तयार. एक दिवसाच्या ट्रेकला हजार-बाराशेच्या आसपास जातात, आणि तेवढ्यात गाडी, नाश्ता, जेवण, वाटाड्या सगळं आलं. स्वतःची गाडी काढून चौघं गेलात तरी खर्च याहून फार कमी येत नाही. शिवाय सगळे आपल्याच वयाचे. लातूरहून किंवा नागपूरहून पुण्यात नव्याने आलेल्या, शहरात कुणी ओळखीचं नसलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही. माझ्या ओळखीतल्या दोघी-तिघी एकट्याने जायला लागल्या त्या अशाच ग्रुपबरोबर. घरच्यांना दाखवायला सोबतच्या महिला लीडरचं नाव, बसचा नंबर, परतायची वेळ असं सगळं लेखी मिळतं, हे त्यांना बरं वाटलं. संस्थेत पहिल्यांदा फोन केला तर पलीकडून एखादे काका ‘या की गुरुवारी, बोलू’ एवढंच म्हणतात.

गर्दीबद्दल सगळेच तक्रार करतात. हरिहर किल्ल्याच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांवर पावसाळ्यातल्या रविवारी रांग लागते, वर जाणारे आणि खाली येणारे एकाच खोबणीत हात घालतात, ते बघून धडकी भरते. कळसूबाईच्या शिड्यांवरही सुट्टीच्या दिवशी तेच. पण खरं सांगायचं तर गर्दीमुळे मी ग्रुप सोडला नाही. रविवारी गेलात तर संस्थेची माणसंही त्याच रांगेत उभी असतात.

मला वैताग आणला तो ओळख परेडीने.

पहाटे साडेचार-पाचला बस थांबते. डोळ्यांवर झोप, मान आखडलेली. हेड टॉर्चच्या उजेडात सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं आणि एकेकाने नाव, गाव, काम आणि स्वतःबद्दलची एक गंमत सांगायची. पहिल्या वेळी मजा येते. माझी गंमत ठरलेली होती, मालवणचा असून मासे खात नाही. सगळे हसायचे. पुढच्या ट्रेकला पुन्हा गोल, पुन्हा मालवण, पुन्हा त्याच जागी तेच हसू. मग व्हॉट्सअ‍ॅपवर त्या ट्रेकपुरता ग्रुप निघतो. सोमवारपर्यंत फोटोंचा पाऊस, मंगळवारी ‘पुन्हा भेटूया नक्की’, आणि बुधवारी सामसूम. पुढच्या ट्रेकला नवी माणसं, नवा ग्रुप. ज्या लीडरबरोबर मी आधी राजगड करून आलो होतो, त्यानेच हरिहरच्या पायथ्याशी मला प्रेमाने विचारलं, ‘दादा, पहिलाच ट्रेक का?’ त्याला दोष देत नाही. दर आठवड्याला चाळीस नवे चेहरे बघणारा माणूस कुणाकुणाला लक्षात ठेवणार?

वाचताना हे क्षुल्लक वाटेल. मलाही बरेच दिवस क्षुल्लकच वाटत होतं. पण त्यात एक मेख आहे. मी चढतो बरा, उतरतो मात्र फार सावकाश. डावा गुडघा कुरकुरतो आणि घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या उतारावर, माझा पाय विश्वासाने पडत नाही. ग्रुपमध्ये सगळ्यांच्या मागे राहून लक्ष ठेवणारा मुलगा दर वेळी नवा, त्याला हे नव्याने समजवावं लागायचं. तोवर तो बिचारा ‘चला चला, बस थांबलीये’ करत मागे उभा. घाई केली की गुडघा दुखणार, नाही केली की चाळीस जण खोळंबणार. आणि ज्याला आपण किती चालतो हेच माहीत नाही, तो आपल्याला पुढचं काही शिकवणार तरी कसं? वाट शोधायला पुढे पाठवणं, दोर हातात देणं, नवख्या माणसाची जबाबदारी सोपवणं, या गोष्टी ओळखीशिवाय होत नाहीत. मी कितीही ट्रेक केले तरी दर रविवारी माझी पाटी कोरीच असायची.

आता संस्थेकडे येऊ. संस्था म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर बर्फ आणि ऑक्सिजनचे सिलिंडर येतात. पुण्याच्या गिरिप्रेमीने 2012 मध्ये एव्हरेस्ट आणि 2019 मध्ये कांचनजुंगा मोहीम केली, त्याच्या बातम्या आपण वाचलेल्या असतात. मग वाटतं, तिथे आपलं काय काम! पण अशा मोहिमांना जाणारी माणसं थोडीच. बहुतेक संस्थांमधले बहुतेक सभासद तुमच्या-माझ्यासारखेच, रविवारी सकाळी सिंहगड आणि वर्षाकाठी राजगड-तोरणा करणारे.

सुरुवातीचा काळ मात्र कंटाळवाणा जातो, हे आधीच सांगून ठेवतो. आठवड्यातून एकदा संध्याकाळी बैठक असते. ती वेळेवर सुरू होत नाही. हिशेब, मागच्या ट्रेकचा वृत्तांत, पुढच्या ट्रेकवर चर्चा, आणि मग कुणीतरी ‘आमच्या वेळी नाळेच्या वाटेला दोर लावायची पद्धत नव्हती’ असं काढतं की पाऊण तास गेलाच. निम्मी माणसं पन्नाशीच्या पुढची. समवयस्क शोधायला गेलात तर पहिल्या महिन्यात हिरमोड होईल. ट्रेकही तुमच्या आवडीचा असेलच असं नाही; तुम्हाला संधण व्हॅली हवी असते आणि कार्यक्रम निघतो गडावरच्या टाक्यातला गाळ काढायचा. बस नाही, स्वारगेटहून पहाटेची वेल्ह्याची एसटी. शिधा वाटून घ्यायचा आणि नव्या माणसाच्या सॅकमध्ये मोठं पातेलं जातं, हा अलिखित नियम. वर पोचल्यावर कांदे चिरायचे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी सुप्रभात, दुपारी कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस. माझ्याबरोबर आलेला एक मित्र दुसऱ्या बैठकीनंतर फिरकलाच नाही, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही.

मी टिकलो त्याचं कारण राजगडावरची एक सकाळ. पद्मावती माचीवर मुक्काम होता, उतरायचं होतं गुंजवण्याला. तो उतार ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे: चोर दरवाजातून वाकून बाहेर पडलं की खाली उभा कातळ, रेलिंग धरून एकेक पाऊल टाकायचं, आणि पुढे खडी सोंड. सामान बांधून होत होतं. चुलीपाशी बसलेले एक काका माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘तू हो पुढे. आम्ही दुसरा चहा घेऊन निघतो.’ एवढंच. गुडघ्याबद्दल मी त्यांना कधी काही बोललो नव्हतो. आधीच्या ट्रेकला त्यांनी ते पाहून ठेवलं होतं. मी एका मुलाबरोबर पुढे निघालो, रेलिंगपाशी हवा तेवढा वेळ घेतला आणि सगळे जण जवळपास एकदमच खाली पोचलो. कुणी कुणासाठी थांबलं नाही.

पुढे प्रस्तरारोहणाच्या शिबिरात तेच. पहिल्या दिवशी कमरेच्या हार्नेसला आठाची गाठ मारायला लावली. शिकवणाऱ्या ताईंनी गाठ हाताने ओढून बघितली, काही न बोलता सोडली आणि पुन्हा मारायला सांगितली. हे किती वेळा झालं ते विचारू नका. वरच्या चढणाऱ्याचा बिले द्यायला, म्हणजे तो निसटला तर त्याला धरणारा दोर सांभाळायला, मला बऱ्याच काळाने मिळालं. तोवर त्यांनी मला दमलेला, घाबरलेला, चिडलेला अशा सगळ्या अवतारांत पाहिलं होतं. शुल्काच्या हिशेबात हे कुठे बसवायचं मला कळत नाही, पण माझ्या लेखी तोलायचं ते हेच.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र सरसकट निवाडा नको. राज्याच्या पर्यटन विभागाने 2021 मध्ये साहसी पर्यटनासाठी धोरण आणलं आणि त्यात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे. तेव्हा पैसे भरण्याआधी नोंदणी विचारायला लाजू नका. लीडरने कुठे प्रशिक्षण घेतलंय तेही विचारा. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून किंवा मनालीहून बेसिक कोर्स करून आलेली मुलं वीकेंड ग्रुपमध्येही असतात, कित्येक जण तर मुळात संस्थांमध्येच घडलेले असतात. उलट एखाद्या संस्थेत नुसत्या ज्येष्ठतेवर सगळं चाललेलं असू शकतं. फक्त एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नाही. कड्यावर कुणी अडकलं, दरीत कुणी पडलं, की रात्री-अपरात्री दोर घेऊन निघतात ते लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर अशाच ठिकठिकाणच्या गिर्यारोहकांची मोट बांधून काम करतं. त्यासाठी कुणी तिकीट लावत नाही. त्या माणसांच्या शेजारी बसून कांदे चिरायला मिळतात, हे मला त्या पातेल्याच्या ओझ्यापेक्षा मोठं वाटतं.

मधला एक पर्याय लोक विचारतात, युथ हॉस्टेल्स असोसिएशनचं सभासदत्व. कसोलहून निघणारा सर पाससारखा ट्रेक करायचा असेल तर खिशाला परवडणारा आणि पहिल्या हिमालयासाठी चांगला. सुरुवातीला उंचीची सवय करून देतात, थोडं रॅपलिंग, म्हणजे दोराने कडा उतरणं, करवतात, आणि देशभरातली माणसं भेटतात. पण वर्षभर दर महिन्याला जायला घरचा कट्टा हवा असेल तर तुमच्या गावचं युनिट किती जागं आहे त्यावर सगळं अवलंबून. एकदा डोकावून बघायला हरकत नाही.

तर कुणी काय करावं? कामाच्या पाळ्या बदलत्या असतील, पुण्यात वर्षभरच राहायचं असेल, किंवा पावसाळ्यातले दोन-तीन रविवार हिरवे झाले की पुरे असेल, तर वीकेंड ग्रुपच घ्या. संस्थेच्या बैठकांना येऊन तुम्ही नुसते वैतागाल. नव्या माणसांत रमणारा स्वभाव असेल तर माझी ती ओळख परेडसुद्धा तुम्हाला आवडेल. आवडणारे मी पुष्कळ पाहिलेत, काहींची तर लग्नं जमली. मुलींनी संस्था निवडताना बैठकीत आणि कार्यकारिणीत बायका किती दिसतात ते आधी बघावं, असं मला त्यांच्याकडूनच कळलंय. ज्या संस्थेत त्या फक्त फोटोत दिसतात, ती सोडून द्यावी.

बाकीच्यांना मी संस्थाच सुचवेन, फार आग्रह न करता. दोन बैठका आणि पाहुणा म्हणून एक ट्रेक, एवढं झाल्याशिवाय वर्गणी भरू नका. बहुतेक ठिकाणी असं येऊ देतात, विचारून बघा. पहिला ट्रेक मुक्कामाचा निवडा, एका दिवसात माणसं कळत नाहीत. आणि दोर शिकायची हौस असेल तर कातळ वाळेपर्यंत थांबावं लागतं, शिबिरं साधारण दिवाळीनंतर लागतात. जागा थोड्या असतात आणि पहिला हक्क नेमाने येणाऱ्यांचा, तेव्हा गणपती झाले की चौकशीला लागा.