विमानतळांमधील अंतर सांगणारे संकेतस्थळ: अंतर चोख, वेळ बेभरवशाचा

दोन विमानतळांची नावे टाकली की त्यांच्यातील अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ सांगणारे एक मोफत संकेतस्थळ मी परभणीच्या आमच्या शाळेत भूगोलाच्या तासाला नियमितपणे वापरतो. अंतराच्या बाबतीत ते पूर्ण विश्वासाचे आहे. नांदेड ते छत्रपती संभाजीनगर हे हवाई अंतर ते सुमारे २१५ किलोमीटर दाखवते आणि नकाशावर पट्टी ठेवून प्रमाणानुसार मोजले तरी जवळपास तेवढेच येते.

खरी कसोटी लागते ती उत्तर ध्रुवाजवळ. अलास्कातील उटकियाग्विक आणि नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील लाँगयिअरब्येन यांच्या रेखांशांत सुमारे १७२ अंशांचा फरक आहे, त्यामुळे भिंतीवरच्या नकाशात या दोघांच्या मध्ये जवळजवळ अर्धे जग पडते. संकेतस्थळ मात्र हे अंतर सुमारे ३,३८० किलोमीटर सांगते, आणि ते बरोबर आहे. कारण मराठवाड्यात एक अंश रेखांश म्हणजे साधारण १०५ किलोमीटर असले, तरी लाँगयिअरब्येनच्या अक्षांशावर ते जेमतेम २३ किलोमीटर उरते, आणि बृहद्वृत्तावरील (म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरील) सर्वांत जवळचा मार्ग ध्रुवापासून अवघ्या ११० किलोमीटरवरून जातो. पडद्यावरचा नकाशा ८५ अंशांच्या आसपास संपत असल्याने मार्गाची रेघ वरच्या कडेला तुटते आणि पलीकडे पुन्हा खाली उतरते. विद्यार्थी हमखास इथेच गोंधळतात. पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखवला की उलगडा होतो.

वेळेचा रकाना मात्र मला मान्य नाही. ताशी ८०० किलोमीटर हा ठरावीक वेग धरून त्यात अर्धा तास मिळवला जातो, म्हणून या जोडीसाठी पावणेपाच तास असे उत्तर येते. प्रत्यक्षात येथे थेट प्रवासी विमानसेवाच नाही. अँकरेज, ऑस्लो अशी विमाने बदलत फार मोठा वळसा घालावा लागतो. १९२८ साली ध्रुवीय संशोधक ह्यूबर्ट विल्किन्स आणि वैमानिक कार्ल बेन आयल्सन यांनी उटकियाग्विकजवळच्या पॉइंट बॅरोहून स्वालबार्डमधील स्पिट्सबर्गेन बेटापर्यंत छोट्या विमानाने झेप घेतली, तेव्हा त्यांना वीस तासांहून अधिक वेळ लागला होता. जिथे नियमित विमाने जातात तिथे हेच सूत्र चांगले चालते: नॉर्वेतील ट्रॉम्सो ते लाँगयिअरब्येन या सुमारे ९६० किलोमीटरसाठी ते एक तास बेचाळीस मिनिटे दाखवते, आणि प्रत्यक्ष उड्डाणही जवळपास तेवढेच असते. म्हणूनच ‘थेट सेवा उपलब्ध नाही’ ही एक ओळ वेळेखाली असायलाच हवी. तिच्याअभावी मी पाचपैकी साडेतीन गुण देतो.

भूगोलाच्या शिक्षकांनी ते अवश्य वापरावे. उटकियाग्विक हे नाव २०१६ पासून अधिकृत असले, तरी शोधताना अजूनही ‘बॅरो’ हे जुनेच नाव टाकावे लागते.